आत्या नावाचं फोल्डर

इंदूर, ३ फेब्रुवारी २०२५

स्वानंदीजी, नमस्ते.

मी संबोधी. तुम्ही मला ओळखत नाही, पण मी रोज तुमच्याच खुर्चीत बसते. तुम्ही नोकरी सोडून नाशिकला गेल्या आणि परदेशीपुऱ्याच्या ऑफिसात तुमचं टेबल, तुमचं मशीन आणि ड्रॉवरमधला सेवचा अर्धा डबा, सगळं माझ्या वाट्याला आलं. सेव संपवली, सॉरी. मशीनवर तुमच्या हातचा कागद अजून चिकटलेला आहे, 'बंद करू नये'. म्हणून मी पण कधी बंद नाही करत.

मला घंटीच्या डब्याचं काम दिलं आहे. घरी बाबांनी विचारलं, हा डबा काय असतो? मी बोलली, एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी ठेवायचा. बटण दाबलं की आमच्या कॉलरूममध्ये घंटी वाजते आणि त्याच्या खोलीतला आवाज ऐकू येतो. बाबा बोलले, चांगलं काम आहे, मन लावून कर. आता मन तर लावते, पण कोड लिहायचा एडिटर साथ देत नाही. प्रोजेक्ट उघडला की पंखा घरघर करतो, स्क्रीन जाम होते आणि लाल पट्टी येते: आउट ऑफ मेमरी. मग सगळं बंद. लिहिलेला कोड पण गेला समजा. आजूबाजूच्या टेबलांवरचे भिया लोक सांगतात, रीस्टार्ट मार. किती मारू? सर तर बोलले, मार्च एंडपर्यंत सुधरलं नाही तर मशीन फॉरमॅट करून टाकू.

ऑफिसात व्हॉट्सअ‍ॅप बंद आहे, म्हणून मेल करून राहिली आहे. काही उपाय असेल तर सांगा ना प्लीज.

तुमची,
संबोधी

*

नाशिक, ५ फेब्रुवारी

प्रिय संबोधी,

आधी ते 'जी' काढ. इंदूर सोडून थोडेच दिवस झालेत आणि एवढ्यात मला कोणी म्हातारी करायला नको. सेव संपवल्याबद्दल माफी नाही, ती लवंगवाली होती!

उपाय सोपा आहे. एडिटर किती मेमरी वापरू शकतो याची एक मर्यादा त्याच्या सेटिंगमध्ये असते. आपल्याकडे ती दोन जीबी आहे, चार कर, बंद करून पुन्हा उघड. हे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, हे मलाही कळतं. मेमरी कोण खातंय ते शोधायला हवं. पण मी तिथे होते तेव्हाही हेच करायचे. सर खूश, आपण खूश.

मेलच करत जा. माझे दिवस भरत आलेत आणि आई मोबाइल हातात देत नाही, डोळ्यांना वाईट म्हणते. टॅबवर चोरून वाचते.

परदेशीपुरा वाचलं आणि जीव कसानुसा झाला बघ. इंदूरला मी नोकरीसाठी आले, पण रमले लीलाआत्यामुळे. छत्रीबागेत तिचं दोन खोल्यांचं घर आहे, खान नदीकडे पाठ करून उभं. दर शनिवारी जायचे. उषाबाई वेलची घालून चहा करायची आणि मी नि आत्या कशावरूनही भांडायचो. जानेवारीत आत्या गेली. मला प्रवासाची बंदी होती, शिवाय पोटुशीने प्रेत पाहू नये म्हणे. श्रीहरीदादाने, माझ्या चुलतभावाने, सगळं केलं आणि घराला कुलूप लावलं. मी तिला शेवटचं पाहिलंसुद्धा नाही. तुला हे का सांगतेय कोण जाणे. तू माझ्या खुर्चीत बसतेस म्हणून असेल.

स्वानंदी

*

इंदूर, १७ फेब्रुवारी

स्वानंदीताई,

आत्यांचं वाचून खूप वाईट वाटलं.

चार केले. आठवडाभर एकदम मस्त चाललं, मी तर सगळ्यांना जिलेबी खिलवली. मग परत तेच. सहा केले, परत तेच. तेव्हा मी बोलली, आता पखालीला औषध बस झालं, रेडा बघू. बघितलं तर प्रोजेक्टच्या आत एक फोल्डर आहे, नाव 'आत्या'. एडिटर तेच वाचत बसतो आणि त्यातच दम तोडतो. आत फाईलीच फाईली, प्रत्येकीत अक्षरांच्या लांबच लांब ओळी, ना कोड ना भाषा. आणि रोज सकाळी एक नवीन येऊन राहिली आहे.

तुमच्या आत्यांशी काही संबंध आहे का? डिलीट करायची हिंमत नाही झाली.

तब्येत सांभाळा.
संबोधी

*

नाशिक, २५ फेब्रुवारी

प्रिय संबोधी,

मुलगी झाली! मजेत आहे, रडते ते मात्र पोलिसांच्या गाडीसारखं. आता तर मोबाइल खोलीतही आणू देत नाहीत.

फोल्डर माझंच. डबा नवा होता तेव्हा चाचणीसाठी एक आत्याच्या उशाशी ठेवला आणि सर्व्हरऐवजी माझ्या मशीनला जोडला. त्याला 'चाचणी' अशी खूण केली. अशा डब्याची घंटी कॉलरूममध्ये वाजत नाही, नुसती फाईल जमा होते. डबा आवाज अक्षरांत बदलून पाठवतो आणि एडिटर बिचारा त्यालाच कोड समजून वाचत बसतो. आत्याला सांगितलं होतं, रोज सकाळी एकदा दाबत जा, तेवढीच माझी चाचणी होईल. ती कधी चुकली नाही.

पण रोज नवी येते हे शक्य नाही गं. आत्या जानेवारीतच गेली. तारखा चुकल्या असतील, जुन्याच फाईली अडकून उशिरा येत असतील. सेटिंगमध्ये जा आणि ते फोल्डर वगळ, म्हणजे एडिटर तिकडे बघणारच नाही. दोन मिनिटांचं काम. मला हे तेव्हाच करायला हवं होतं, आळस नडला.

डिलीट मात्र करू नकोस. असू दे.

स्वानंदी

*

इंदूर, ४ मार्च

स्वानंदीताई,

आधी खूप खूप अभिनंदन. छोटीला माझ्याकडून पापी.

फोल्डर वगळलं. लाल पट्टी गेली, एडिटर पळून राहिला आहे. खरं तर हा मेल इथेच संपायला पाहिजे होता.

पण तारखा चुकलेल्या नाहीत, ताई. मी चेक केलं. कालची फाईल कालचीच आहे, आजची आजची. मग मला राहवलं नाही. अक्षरांचा परत आवाज करायचा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि हेडफोन लावले. आधी काहीच नाही. मग चप्पल घासत येते. कुठे तरी भांडं वाजतं. मग एकदम जवळून, कानातच, खरखरीत आवाजात एक म्हातारी बाई बोलते, 'मी आहे.' परत चप्पल, लांब जाते. बस.

भरदुपारी ऑफिसात बसून मी हेडफोन काढले, परत लावले. मग दुसरी लावली, तिसरी लावली. सगळ्यांत तेच. डिसेंबरच्या पण ऐकल्या, आत्या होत्या तेव्हाच्या. आवाज मला तर सेम वाटला. पण आमच्या या फुटक्या हेडफोनवर सगळ्या आज्या सेमच वाटतात.

सोबत आजची पाठवते. पाठवू की नको, फार विचार केला. माझी कोणी असती तर मला ऐकायचं असतं, म्हणून पाठवली.

संबोधी

*

नाशिक, ८ मार्च

संबोधी,

ऐकलं. बाळ मांडीवर होतं. मी पुन्हा पुन्हा तेच लावत राहिले, बाळ रडायला लागलं तेव्हा आईने ते काढून घेतलं.

'मी आहे.' हे शब्द मीच तिला दिले होते. डबा दाबून काय बोलू गं, असं तिने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, काहीही बोल, 'मी आहे' म्हण. घरात आम्हा दोघींशिवाय हे कुणाला ठाऊक असणार? आईच्या फोनवरून दादाशी बोलले. पुढच्या दाराचं कुलूप जसंच्या तसं आहे, किल्ली त्याच्या कपाटात आहे. पाडव्यानंतर घर विकायला काढणार म्हणतो, तोवर तिकडे फिरकायलाही त्याला सवड नाही.

तू मला वेडी म्हण. मी तिला गेलेली पाहिली नाही संबोधी, माझ्यासाठी ती अजून गेलेलीच नाही. ती मला सांगतेय की ती आहे. मशीन फॉरमॅट होऊ देऊ नकोस. सरांना काहीही थाप मार, मेमरी वाढव, डिस्क लाव, पण तिचा रस्ता बंद करू नकोस. आणि रोज सकाळची फाईल मला पाठव. तुझे उपकार जन्मभर विसरणार नाही.

स्वानंदी

*

इंदूर, १२ मार्च

स्वानंदीताई,

रोजच्या रोज पाठवून राहिली आहे. मिळतात ना? सरांना बोलली, या मशीनवर महत्त्वाचा डेटा आहे. ते बोलले, महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर.

रविवारी महूला घरी गेली होती. आमचे आजोबा फौजेत होते, बाबा छावणीच्या स्टोअरमधून रिटायर झाले. आमच्या बैठकीत बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्या आहेत. लहानपणी पिंपळाखाली बाई दिसते असं कोणी बोललं तर बाबा मला तिथेच घेऊन जायचे, दाखव बोलायचे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि बोलले, 'आपल्यात आत्मा-बित्मा काही नसतं. मेलेला माणूस बटण दाबत नाही. मग दाबतंय कोण, ते शोध.'

ऐकताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण काटा आला तरी सवाल तोच राहतो ना. परत येताना मी छत्रीबागेत गेली. कुलपावर कोळ्याचं जाळं होतं. खिडकी बंद. पण खिडकीच्या कठड्यावर तुळशीची कुंडी आहे, तिची माती ओली होती. मी बोट लावून बघितलं.

ताई, रागावू नका. त्या घरात अजून कोण राहत होतं?

संबोधी

*

नाशिक, १५ मार्च

संबोधी,

कोणी नाही. आत्या एकटीच राहायची. लग्न केलं नाही, कुणाला घरात ठेवून घेतलं नाही, कुणाची मिंधी राहिली नाही.

माती शेजारच्यांनी भिजवली असेल. नाही तर तिनेच. हो, हसा. त्या तुळशीवर तिचा केवढा जीव होता ते तुझ्या बाबांना काय माहीत. मी तुझ्यावर विश्वासाची सक्ती करत नाही, पण माझ्या आत्याची फौजदारासारखी चौकशी करू नकोस. मला ते सहन होत नाही.

सकाळी फाईल आली की मी ती बाळाच्या कानाशी लावते. 'मी आहे' ऐकलं की बाळ रडायचं थांबतं आणि मान वळवून माझ्या मागे बघतं. आई म्हणते लहान मुलं अशीच बघतात. मी मागे वळत नाही.

पाठवत राहा.

स्वानंदी

*

इंदूर, २० मार्च, सकाळ

ताई, हे लगेच वाचा. तुमच्या घरचा फोन कोणी उचलत नाही.

काल रंगपंचमी होती, ऑफिस बंद. आज येऊन बघितलं तर काल सकाळची फाईल नाही, आजची नाही. एकच फाईल आहे, मंगळवार दुपारी सुरू झालेली, आणि अजून वाढूनच राहिली आहे. बटण दाबून धरलं की डबा रेकॉर्ड करत राहतो, सोडेपर्यंत. म्हणजे परवापासून कोणी ते सोडलेलंच नाही.

माझा आवाजवाला प्रोग्रॅम ती उघडतानाच मेला. आउट ऑफ मेमरी. चूक माझीच, तो पूर्ण फाईल एकदम गिळायला बघतो. एवढी मोठी कुठून गिळणार? मग मी त्याला बदललं, घास-घास खायला शिकवलं. थोडं वाच, आवाज कर, फेक, पुढचं वाच. मग चालला.

ऐकलं. डब्याच्या अगदी जवळ कोणी तरी श्वास घेऊन राहिलं आहे. शांत, एकसारखा. लांब गेरचे, रंगपंचमीच्या मिरवणुकीचे ढोल, डीजे, पोरांची ओरड. मला वाटलं हेडफोन काढून फेकावा. पण मी आवाज वाढवला, परत ऐकलं, अजून वाढवला. मागे काही तरी आहे, ताई. वरच्या बाजूला. धप, धप. आणि कोणी तरी ओरडून राहिलं आहे. ढोलांत दबून जातं, मग परत येतं. आज सकाळच्या तुकड्यात खूप बारीक झालं आहे.

बाबांना फोन केला, ते महूहून निघाले. दोन तुकडे पाठवते. श्वास नका ऐकू. त्याच्या मागचं ऐका.

संबोधी

*

नाशिक, २० मार्च

उषाबाई.

संबोधी, ती उषाबाई आहे. 'बाई, ओ बाई' म्हणून हाक मारतेय. आत्याला बाई म्हणणारं एकच माणूस होतं. गच्चीवर तिची पत्र्याची खोली आहे, जिना मागच्या गल्लीतून वर जातो, लोखंडी. पुढच्या दाराची गरजच नाही. धाव.

मी तुला 'कोणी नाही' असं लिहिलं. तिच्या हातचा चहा मी दर शनिवारी प्यायले आणि तुला लिहिलं, कोणी नाही. घरात सगळे असंच म्हणायचो, आत्या एकटी राहते. उषाबाई तिच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून आहे! दादाने तिला गावी जा म्हणून सांगितलं आणि ती हो म्हणाली म्हणे. तिला गाव नाहीच आहे गं. आत्यानेच मला सांगितलं होतं. मी विसरले नव्हते, मी विचारच केला नाही.

दादाला फोन करतेय, अ‍ॅम्ब्युलन्सलाही सांगतेय. तू फक्त पोच.

*

इंदूर, २३ मार्च

ताई,

फोनवर तुम्ही रडत होत्या, म्हणून नीट सांगता नाही आलं. आता लिहिते.

उषाबाई ठीक आहेत. खुब्याचं हाड मोडलं आहे, ऑपरेशन झालं, डॉक्टर बोलले निभावलं. जिन्यावरून बाबा पुढे, मी मागे. दार नुसतं लोटलेलं होतं. त्या पलंग आणि भिंतीच्या मध्ये पडल्या होत्या, हातात वाटी. माठ हाताशी होता म्हणून वाचल्या. वाटीने जमिनीवर ठोकत होत्या, तीच ती धप धप. गेरमुळे अर्धी गल्ली राजवाड्याकडे आणि उरलेली रंगात, कोण ऐकणार? मला बघून ओठ हलले. मी कान नेला तर बोलल्या, 'स्वानंदीताई आल्या का?'

काल थोडं बोलल्या. गावी जाते बोलून त्या वरच्या खोलीत राहिल्या, दिवा पण लावायच्या नाहीत, कोणी काढून देईल म्हणून. खाली मोरीचं दार आहे, त्याची किल्ली त्यांच्याकडेच राहिली होती. रोज सकाळी उतरायच्या, झाडायच्या, आत्यांच्या पलंगावरची चादर नीट करायच्या, खिडकी जराशी उघडून तुळशीला पाणी. मग डब्याचं बटण. आत्यांनी दवाखान्यात जाताना त्यांना सांगून ठेवलं होतं, 'माझ्यामागे तू दाबत जा. मी आहे म्हण. स्वानंदीला कळलं पाहिजे घरात कोणी तरी आहे.' तुमच्यासाठीच दाबत होत्या, ताई. त्यांना वाटायचं तुम्ही रोज ऐकता.

एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. मंगळवारी दुपारी पडल्यापासून त्या जागच्या हललेल्या नाहीत. डबा खाली, आत्यांच्या उशाशी. मोरीच्या दाराला बाहेरून कुलूप, किल्ली उषाबाईंच्या पदराला. बाबा बोलले बटण अडकलं असेल, नदीकाठी ओल असते. बरोबर आहे.

संबोधी

*

नाशिक, २८ मार्च

प्रिय संबोधी,

पाडव्यानंतर बाळाला घेऊन येतेय. आई नको म्हणतेय, तोवर सव्वा महिना होऊन जाईल म्हटलं. दादाशी कडाक्याचं भांडण झालं. उषाबाई बऱ्या झाल्या की त्याच घरात राहतील, खालच्या खोलीत, आत्याच्या पलंगावर. घर विकायचं नाव कुणी काढायचं नाही. जन्मात पहिल्यांदा दादावर आवाज चढवला आणि वाटलं, आत्या ऐकत असेल तर खूश झाली असेल.

मी वेड्यासारखी समजत होते की ती मला हाक मारतेय. माझीच आत्या ना, माझ्याशिवाय ती कुणाला कशाला हाक मारेल! आणि वर एक जिवंत बाई माझ्यासाठी रोज बटण दाबत होती. मी तिचाच आवाज बाळाला ऐकवत होते, तिला ओळखत नव्हते. याची लाज मला आयुष्यभर पुरेल.

पण संबोधी, तो श्वास. तू पाठवलेले दोन्ही तुकडे मी पुन्हा पुन्हा ऐकलेत. तू लिहिलंस, बटण अडकलं असेल. 'असेल' लिहिलंस. खालच्या खोलीत तू गेली होतीस ना? मला खरं सांग. मी आता घाबरणार नाही.

स्वानंदी

*

इंदूर, २ एप्रिल

स्वानंदीताई,

सांगते. एकदाच सांगते, नंतर याच्यावर बोलायचं नाही.

उषाबाईंना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवत होते, बाबा त्यांच्याजवळ होते. मी किल्ली घेऊन मोरीच्या दाराने आत गेली, डबा बंद करायला. दुपारचं ऊन खिडकीच्या फटीतून पलंगावर पडलं होतं. चादर एकदम सरळ. उशी मात्र दबलेली होती, मध्ये, डोकं टेकतं तेवढी. डब्यावर लाल दिवा चालू. बटण आत गेलेलं, पूर्ण आत. मी हात पुढे केला आणि माझा हातच पुढे जाईना. मग काय सुचलं मला, मी मोठ्याने बोलली, 'आत्या, उषाबाई मिळाल्या. ठीक आहेत.'

बटण वर आलं. टक. दिवा हिरवा झाला. मी हात लावला नव्हता, ताई.

नंतर मी ते खूप वेळा दाबून बघितलं. कुठे अडकत नाही, लगेच वर येतं. ओल नाही, गंज नाही. फाईलचा शेवटचा तुकडा मी ऐकला. त्यात माझा आवाज आहे. आणि त्याच्यानंतर, डब्याच्या अगदी जवळ, कोणी तरी लांब सुस्कारा सोडतं, मोठं काम झाल्यावर सोडतात तसा. तो तुकडा मी पाठवत नाही. तुम्ही या, इथे बसून ऐका, मी बाजूला बसेन.

'चाचणी'ची खूण मी काढली. डबा आता उषाबाईंच्या नावावर आहे, दाबला की कॉलरूममध्ये घंटी वाजते. सरांनी मशीन फॉरमॅट करायचं कॅन्सल केलं, कारण लाल पट्टी परत आलीच नाही. आत्या नावाच्या फोल्डरमध्ये त्या दिवसानंतर एकही फाईल आलेली नाही.

रविवारी बाबांनी विचारलं, 'मग, निघालं का कारण?' मी बोलली, हो बाबा, बटण अडकलं होतं. ते खूश झाले, बोलले, 'बघ, मी सांगितलं होतं ना.' बाबांशी मी याच्याआधी कधी खोटं बोललेली नाही.

या लवकर. लवंगवाली सेव आणून ठेवली आहे.

तुमची,
संबोधी